बार्बाडोसच्या रेडिओवर एवढे रॅप का? आधी महिना सांगा

प्रश्न असा आहे. नाशिकची एक मुलगी सप्टेंबरात बार्बाडोसला मेडिकलला गेली. घरी फोन करते तेव्हा सांगते, रेडिओ लावला की रॅप, कॉलेजच्या वाटेवर व्हॅनमध्ये बसले की रॅप, शेजारच्या गॅरेजमध्येही रॅपच. वडील विचारतात, आम्ही तर ही बेटे रेगे, सोका आणि कॅलिप्सोची म्हणून ऐकून होतो (रेगे जमैकाचे; कॅलिप्सो आणि त्यातून निघालेला नाचरा सोका त्रिनिदादचा). मग तिथल्या रेडिओवर अमेरिकेचे हिप-हॉप एवढे कसे? त्यांचे स्वतःचे संगीत मागे पडले, की अमेरिकेने ते मागे पाडले?

मी 2001 ते 2014 त्रिनिदादमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या एका रेडिओ कंपनीत होतो. गेलो ट्रान्समीटर सांभाळायला. पण छोट्या कंपनीत कोणी एकाच खुर्चीवर बसत नाही, तसा वर्षभरातच गाण्यांच्या लॉगपाशी, म्हणजे कोणते गाणे कधी वाजवायचे त्या यादीपाशी, येऊन बसलो. आमच्या मजल्यावर दोन चॅनेल होती. एकावर हिंदी फिल्मी आणि चटणी. दुसऱ्यावर तिकडे ज्याला 'अर्बन' म्हणतात ते, म्हणजे हिप-हॉप, आर अँड बी, डान्सहॉल (जमैकाचे, ठेक्यावर शब्द फेकायचे नाचाचे संगीत) आणि हंगामात सोका. (चटणी म्हणजे तिथल्या भारतीयांचे ढोलक-हार्मोनियमवरचे नाचाचे गाणे. नाव आपलेच, चव वेगळी.) दोन्ही स्टुडिओंच्या मध्ये एक काच होती आणि माझी खुर्ची बरोबर त्या काचेला लागून. बार्बाडोसला कामासाठी पुष्कळदा गेलो, राहिलो मात्र नाही, हेही सांगून ठेवतो.

तर आधी महिना.

बार्बाडोसचा मोठा सण म्हणजे क्रॉप ओव्हर. ऊसतोड संपल्याचा हा सण ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, कडूमेंटच्या मिरवणुकीने संपतो. त्याआधीचे दोनेक महिने तिथल्या रेडिओवर सोकाशिवाय दुसरे काही शोधावे लागते. आणि तो सोमवार उलटला की तीच गाणी विसर्जनानंतरच्या मांडवासारखी उतरतात. तुमची मुलगी पोहोचली तेव्हा मांडव उतरून महिना झाला होता. ती जूनमध्ये गेली असती तर तुमचा प्रश्न उलटा आला असता, की इथे सोकाशिवाय काही वाजतच नाही का?

त्रिनिदादमध्ये हेच पंचांग वेगळ्या तिथ्यांवर चालते. नोव्हेंबर-डिसेंबरात परांग, म्हणजे स्पॅनिश वळणाची नाताळची गाणी. नाताळ झाला की सोका. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार, आणि ॲश वेन्सडे उजाडला की सोका बंद. पहिल्या वर्षी मी चक्रावलोच. मंगळवारी रात्री बारापर्यंत लॉगवर एकामागून एक सोका, बुधवारी सकाळी सहाला एकही नाही. चुकून एखादे राहून गेले तर फोन येतो, आणि फोन करणाऱ्या बाई चर्चमधून कपाळाला राख लावून आलेल्या असतात. त्या बुधवारी सुरू होणाऱ्या लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस सोका ऐकणार नाही असा नेम असलेली माणसे तिथे आजही आहेत.

मग उरलेले महिने भरायचे कशाने? इथे हिशेब मांडायला हवा, कारण गाण्यांच्या आवडीनिवडीवर बोलणारे लोक हा हिशेब सहसा करत नाहीत. त्रिनिदाद आणि टोबॅगोची लोकसंख्या 14 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून कमी. एफएम केंद्रे मात्र तीसहून जास्त. 1990 च्या दशकात परवाने सुटले आणि ज्याला परवडले त्याने मनोरा उभा केला. प्रत्येकाला दिवसाचे 24 तास भरायचे. जाहिराती, बातम्या, बडबड वजा केली तरी तासाला 12 गाणी धरा. दिवसाला जवळजवळ 300. एवढा ताजा स्थानिक माल वर्षभर पुरवणार कोण? सोका करणारे हंगामाआधी रात्रीचा दिवस करतात, कारण पैसा तेव्हाच असतो. नंतर ते न्यूयॉर्क, टोरांटो, लंडनच्या कार्निव्हलांमागे फिरतात. अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांचा माल मात्र बाराही महिने येतो, दर आठवड्याला येतो, आणि रेडिओसाठी शिव्या गाळून, मिनिटा-सेकंदाची चिठ्ठी लावून येतो. माझ्या टेबलावर अशा सीड्यांचा ढीग असे आणि त्यातली एकही आम्ही विकत घेतलेली नसे.

लोकांना आवडते म्हणून वाजते, की वाजते म्हणून आवडते, हा वाद मी मीटिंगमध्ये किती वेळा ऐकला असेल, गणती नाही. माझे माप दुसऱ्या पारड्यात थोडे जास्त पडते. पण तेवढ्यावर थांबलो तर मी तुम्हाला निम्मेच सांगितले असे होईल, कारण फुकट तर कंट्री म्युझिकही येत होते. (आश्चर्य वाटेल, पण जमैकाच्या आणि सेंट लुशियाच्या खेड्यांत कंट्रीचे जुने भक्त भरपूर आहेत.) तरुणांनी उचलले ते रॅप. का उचलले, ते सांगण्याआधी त्या व्हॅनचे बोलतो.

मुलगी ज्या व्हॅनमध्ये बसते ती बहुधा झेडआर. पांढरी, मरून पट्ट्याची. नंबरप्लेट झेड आणि आर या अक्षरांनी सुरू होते म्हणून हे नाव. आपल्या वडापसारखीच, भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी आणखी दोघे मावतात. आवाजावरून पोलिसांशी त्यांचे खटके जुने आहेत. आता, त्या व्हॅनमध्ये जे वाजते ते रेडिओ असेलच असे नाही. बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह असतो, माझ्या सुरुवातीच्या काळात सीडी असायची आणि त्याआधी कॅसेट. एखादा स्थानिक डीजे तासाभराचे मिक्स बांधतो आणि ड्रायव्हरांना वाटतो, कारण त्याच्यासाठी झेडआर हेच प्रसारण. आम्ही रेडिओवाले उलट त्या व्हॅनवर कान ठेवून असायचो. व्हॅनमध्ये एखादे गाणे वाजू लागले की पंधरा दिवसांत त्याची फर्माईश येणार, हे ठरलेले.

आता रॅपच का.

1950 च्या दशकातले किंग्स्टन घ्या, जमैकाची राजधानी. रेडिओ होता, पण त्यावर सरकारी-इंग्रजी वळणाचे सभ्य संगीत. गरीब वस्तीत नाच व्हायचा तो साऊंड सिस्टिमवर: कपाटाएवढे स्पीकर, घरी बनवलेला ॲम्प्लिफायर आणि अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड यांच्या साऊंड सिस्टिमांची चढाओढ तर दंतकथेसारखी सांगतात. या रेकॉर्डची आवड लागली रात्रीच्या रेडिओमुळे. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीलगत विरते, पण सूर्य मावळला की आयनोस्फिअरवर आपटून शेकडो मैल लांब जाऊन पडते. न्यू ऑर्लीन्स, मायामी, अगदी नॅशव्हिलची स्टेशने रात्री जमैकात ऐकू येत. तिथले निवेदक गाण्याच्या आधी आणि मध्ये लयीत, यमकात बोलायचे. किंग्स्टनच्या माईकवाल्यांनी ते उचलले, जमैकन बोलीत ओतले आणि रेकॉर्ड चालू असतानाच तिच्या अंगावर बोलायला सुरुवात केली. याला टोस्टिंग म्हणतात. काउंट मचुकी हे त्यातले आद्य नाव. पुढे यू-रॉयने ते रेकॉर्डवर आणले आणि 1970 मध्ये जमैकन यादीतल्या पहिल्या तीन जागा एकट्याने अडवल्या. म्हणूनच जमैकात आजही 'डीजे' म्हणजे माईकवर शब्द फेकणारा. रेकॉर्ड लावतो तो 'सिलेक्टर'. नवखा माणूस इथे हमखास फसतो, मीही फसलो होतो.

याच किंग्स्टनमधला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा मुलगा 1967 मध्ये, बाराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गेला. 11 ऑगस्ट 1973 रोजी बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इमारतीच्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. पत्ता 1520 सेजविक ॲव्हेन्यू. तिकीट मुलींना 25 सेंट, मुलांना 50. भावाने साऊंड लावला. तोच कूल हर्क, आणि हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून आज जग तीच तारीख पाळते. ब्राँक्सच्या पोरांना रेगे रुचेना म्हणून त्याने फंकच्या रेकॉर्ड घेतल्या, पण साऊंडची बांधणी, अवाढव्य स्पीकर आणि माईकवरची आरोळी ही सगळी किंग्स्टनची. दुसरा मोठा, ग्रँडमास्टर फ्लॅश, 1958 चा जन्म, गाव ब्रिजटाउन. म्हणजे तुमची मुलगी ज्या शहराच्या बसस्टँडवर उतरते तेच. तोंडाने ड्रम वाजवणारा डग ई. फ्रेश हाही मूळ बार्बाडोसचा. रॅपर नोटोरियस बी.आय.जी.चे आईवडील जमैकन, बस्टा ऱ्हाइम्सचेही जमैकन. वायक्लिफ जाँ हैतीचा. निकी मिनाज पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्समधली. मी सेंट जेम्समध्येच राहायचो. 2010 च्या सुमारास कोपऱ्यावरच्या रोटीच्या दुकानात तिचे गाणे लागले की दुकानदार आवाज वाढवायचा आणि रांगेकडे बघायचा, जणू बारा जणांच्या रांगेत त्याचीच भाची गात होती.

त्यामुळे 'अमेरिकेने लादले' हे वाक्य तिथल्या माणसाला पटत नाही. त्याच्या लेखी मुंबईला गेलेला काका गणपतीला गावी यावा, अंगावर नवा शर्ट, बोलण्यात थोडा शहरी हेल, तसे रॅप घरी आले. हेल टोचतो काहींना. पण काका आपलाच.

आणि हा काका खरोखरचाही असतो. ब्रुकलिनमध्ये, मायामीत, टोरांटोत नातलग नाहीत असे घर त्या बेटांवर मला फारसे दिसले नाही. तिकडून नाताळाआधी पिंप येते: पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे मोठे बॅरल, त्यात तांदूळ, साबण, बूट, टी-शर्ट आणि त्या काळी कॅसेटी. न्यूयॉर्कच्या रेडिओवरचे मिक्स टेप करून पाठवलेले असायचे, जाहिरातींसकट. आमच्या अर्बन चॅनेलच्या पोरांनी बोलण्याची ढब शिकली ती त्या टेपांवरून. आमच्याकडे एक जण इतका पक्का न्यूयॉर्की बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावे कालच उतरला. पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता त्याने.

हवानाचे उदाहरण याहून टोकाचे. क्युबात 1980-90 च्या दशकांत सरकारी रेडिओवर रॅपला जागा नव्हती आणि अमेरिकेच्या निर्बंधांमुळे बॅरलही येत नव्हते. पण हवानाच्या पूर्वेला समुद्रालगत आलामार नावाची मोठी वसाहत आहे, साच्यातून काढल्यासारख्या सिमेंटच्या इमारतींची. तिथली पोरे गच्चीवर तारेचे हँगर वाकवून अँटेना करायची, रेडिओ त्याला जोडायची आणि मायामीची एफएम स्टेशने पकडायची. मायामी ते हवाना साधारण 370 किलोमीटर. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, एवढा पल्ला त्यांचा नाही. पण गरम समुद्रावर हवेचे थर असे बसतात की कधीकधी लहर त्यात नळीतून जावी तशी पुढे सरकते. कुठल्या रात्री लागेल ते वाऱ्यावर आणि नशिबावर. इंजिनियर म्हणून मला या गोष्टीचे फार अप्रूप आहे: हवामानाच्या मर्जीवर एका शहरातले रॅप उभे राहिले. 1995 पासून आलामारमध्येच रॅपचा महोत्सव भरू लागला आणि 2002 मध्ये सरकारनेच रॅपसाठी संस्था काढली. ज्याला रेडिओवर घेत नव्हते त्याचे कार्यालय झाले! त्यानंतर पोरे रेगेटॉनकडे, म्हणजे डान्सहॉलच्या ठेक्यावरच्या स्पॅनिश गाण्यांकडे, वळली, हा त्याचा पुढचा अंक.

आता काचेच्या दोन बाजूंचे सांगतो, कारण ते इथल्या वाचकाला जवळचे वाटेल. 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स नावाच्या अमेरिकन गायिकेचे एक गाणे गाजले. त्यात मागे सतत लताबाईंचा आवाज. 1981 च्या 'ज्योती' चित्रपटातले, बप्पी लाहिरींच्या संगीतातले गाणे त्यांनी कोणाला न विचारता उचलले होते. पुढे अमेरिकन न्यायालयात लाहिरींचे नाव देण्यावरून खटला झाला. आमच्याकडे तेव्हा एका स्टुडिओत हिंदी गाणी आणि काचेपलीकडे हे. एका दुपारी फोन आला, चगुआनासच्या बाजूच्या एका आजीचा. तिथले भारतीय लोक वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या पोटात कालवले होते. आजी म्हणाली, "बेटा, लताला मध्येच तोडून तो माणूस का ओरडतो?" मी म्हटले, आजी, तुम्ही चुकीच्या चॅनेलवर आहात. ती म्हणाली, चॅनेल नातवाने लावलाय, गाणे मात्र माझे आहे, पूर्ण लाव. आम्ही आमच्या बाजूला ते पूर्ण लावले. पलीकडचा निवेदक काचेतून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याकडून मूळ गाणे मागून घेतले, सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि त्यावरून सरळ रॅपमध्ये उतरला. पंधरा दिवस त्याचे श्रोते तोच जोड मागत होते. पुढच्याच वर्षी जमैकाच्या एका टाळ्यांच्या ठेक्यावर शॉन पॉलचे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिले आले. त्या ठेक्याचे नाव होते 'दिवाली'. आमच्या आजीने तेही ऐकले असेलच, नातवाच्या कृपेने.

ठेक्यावरून एक कळीची गोष्ट. जमैकात वाद्यांचा तयार साचा असतो, त्याला 'रिद्दिम' म्हणतात, आणि एकाच रिद्दिमवर दहा-वीस कलाकार आपापले शब्द घालतात. एका चालीवर दहा शाहिरांनी कवने करावीत तसे. सिलेक्टर ती गाणी एकाला एक जोडून वाजवतो, ठेका तुटू न देता, आणि याला 'जगलिंग' म्हणतात. कॅरिबियन रेडिओवर हिप-हॉपसुद्धा असेच वाजते. न्यूयॉर्कचे स्टेशन ऐकले तर गाणे सुरू होते आणि संपते. किंग्स्टन किंवा ब्रिजटाउनला संध्याकाळच्या मिक्समध्ये अमेरिकन रॅपचे एक कडवे, मग त्याच गतीचा डान्सहॉल, निवेदकाची आरोळी, आवडले की तबकडी मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून. माल अमेरिकेचा असला तरी वाढायची पद्धत तिथली. बाहेरच्या कानाला सगळे एकच 'रॅप' वाटते. तुमच्या मुलीने जे रॅप म्हणून मोजले त्यातले निम्मे डान्सहॉल असेल, आणि बार्बाडोस आहे म्हणून थोडा बॅशमेंट सोका, म्हणजे डान्सहॉलच्या वळणाचा तिथला सोकाही, अशी माझी दाट शंका आहे.

माझी एक चूकही सांगून टाकतो. रॅपच्या प्रमोशनच्या सीडीवर एकाच गाण्याचे तीन-चार अवतार असायचे: साफ, मूळ, नुसते संगीत. लॉगमध्ये ट्रॅकचा क्रमांक मीच भरायचो. एका दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, मी एकाच्या जागी दोन भरले. निवेदक सिगरेट ओढायला बाहेर. पहिल्या कडव्यातच फोनचे सगळे दिवे पेटले. मी स्टुडिओत धावलो, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला आणि हाताला लागले ते लावले. ते निघाले गॉस्पेल, म्हणजे चर्चचे भक्तिगीत. शिव्यांमागोमाग देवाचे नाव! त्यावरही तक्रारी आल्या. आठवडाभर मला खुलासे लिहीत बसावे लागले. पण त्यातून एक शिकलो. अमेरिकेत बसून शिव्या गाळणाऱ्याला अमेरिकन शिव्याच कळतात. जमैकन मुळाच्या रॅपरने मध्येच घरची शिवी हासडली की ती 'साफ' आवृत्तीतही तशीच राहायची. आमच्याकडे ती तर सगळ्यांत जड. तेव्हापासून मी साफ आवृत्तीही आधी स्वतः ऐकल्याशिवाय चढवली नाही.

नियमांच्या बाबतीत जमैका सगळ्यांत कडक. तिथल्या प्रसारण आयोगाने फेब्रुवारी 2009 मध्ये उघड लैंगिक शब्दांच्या गाण्यांवर बंदी घातली आणि बीप टाकून तेच गाणे चालवायची पळवाटही बुजवली. डान्सहॉलवाल्यांनी तेव्हा विचारले, की परदेशी रॅप आणि कार्निव्हलचा सोका काय सोवळ्यात न्हाऊन आलाय? प्रश्न रास्त होता. ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा आदेश निघाला: ऑनलाइन फसवणूक, 'मॉली'सारखी नशा, बेकायदा बंदुका यांचे कौतुक करणारी गाणी लावायची नाहीत. त्यामागे जमैकाच्याच माँटेगो बे शहराच्या बाजूचा लॉटरीच्या फसवणुकीचा धंदा आणि त्यावर जमलेली गाणी होती. माझे मत विचाराल तर अशा बंदीने रेडिओ साफ होतो आणि पेन ड्राइव्हचा भाव वाढतो.

या 2022 च्या भानगडीत जी गाणी सापडली ती ऐका म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नातली 'त्यांचे' आणि 'अमेरिकेचे' ही विभागणी किती पातळ झाली ते कळेल. गेल्या आठ-दहा वर्षांत अटलांटाच्या ट्रॅप संगीताचा (हा रॅपचाच एक प्रकार) टिकटिकणारा हाय-हॅट आणि जड बास जमैकन डान्सहॉलमध्ये मुरला. त्रिनिदादमध्ये त्याच्याच शेजारी 'झेस' निघाले, तिथल्या वस्त्यांच्या भाषेतले. चार मात्रा ऐकून हे किंग्स्टनचे की अटलांटाचे, हे मलाही सांगता येत नाही. तोंड उघडले की कळते. त्रिनिदादने तर 1970 च्या सुमारासच, ब्राँक्सची वाट न पाहता, ढोलाच्या ठेक्यावर बोलीतली राजकीय कविता म्हणायला सुरुवात केली होती. लान्सलॉट लेन आणि पुढे ब्रदर रेझिस्टन्स यांचे ते 'रॅपसो'. रेडिओने ते फारसे वाजवले नाही. आमच्याही चॅनेलने नाही, आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. लॉग माझ्याच हातात होता.

स्थानिक कलाकाराची खरी तक्रार सुरू होते ती इथे. रेडिओ केंद्र गाणी वाजवण्यासाठी हक्कसंस्थेला पैसे भरते. त्रिनिदादमध्ये कॉट, बार्बाडोसमध्ये कॉसकॅप, जमैकात जॅकॅप. वाजलेल्या परदेशी गाण्यांचा वाटा परदेशी संस्थांकडे जातो. म्हणजे जितके रॅप वाजेल तितके पैसे विमानात बसतात. त्रिनिदादमध्ये निम्मे संगीत स्थानिक असावे ही मागणी मी गेलो तेव्हा जुनी होती आणि आलो तेव्हाही मागणीच होती. फ्रान्सने 1994 च्या कायद्याने रेडिओवर 40 टक्के गाणी फ्रेंच किंवा प्रादेशिक भाषांतली असावीत असे ठरवले, आणि मार्टिनिक-ग्वादलूप ही बेटे फ्रान्सचाच भाग. गंमत अशी की त्या कोट्याचा मोठा लाभ फ्रेंच रॅपलाच झाला. भाषा वाचवायला निघाले, रॅप पोसले गेले. इंग्रजी बेटांवर कोटा आला तरी त्यात स्थानिक ट्रॅपच बसेल, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला जुना कॅलिप्सो नव्हे.

लाच देऊन गाणी वाजवून घेतात का, हेही लोक विचारतात. जमैकात ही तक्रार दशकानुदशके चालू आहे. माझ्याकडे रमची बाटली घेऊन आलेले दोघे-तिघे होते. बाटली परत केली हे खरे. एकाचे गाणे चांगले होते म्हणून लावले, तेव्हा लोकांनी बाटली ठेवून घेतली असेच समजले हेही खरे.

आणि स्थानिक संगीत चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी जमैकाच्या दोन गोष्टी. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी रेडिओवर माइकी ड्रेड नावाचा एक तरुण रात्रपाळीचा तंत्रज्ञ होता. रात्री कोणी ऐकत नाही म्हणून त्याला माईक मिळाला; त्याने रात्रभर फक्त जमैकन रेगे लावले आणि बेटाची झोप उडवली. वरिष्ठांना मानवले नाही, तो 1979 च्या आसपास बाहेर पडला. दुसरी: 1990 मध्ये ओचो रिओसला आयरी एफएम सुरू झाले, दिवसभर नुसते रेगे. रेगेच्या मायभूमीत असे पहिले केंद्र निघायला एवढी वर्षे लागली, आणि निघाले तेव्हा धो-धो चालले. म्हणजे आवड होतीच, लॉग भरणाऱ्यांना धीर नव्हता. मी स्वतः तंत्रज्ञ असल्यामुळे माइकी ड्रेडची गोष्ट सांगताना थोडा वाहवत जातो, चालवून घ्या.

मुलीला सांगा, रविवारी सकाळी रेडिओ लाव. रॅप सापडणार नाही. गॉस्पेल आणि जुनी गाणी असतील आणि घरोघरी तेच स्टेशन. आठवड्यात दुपारी तीन ते सात हा शाळा-कॉलेजचा वेळ, तेव्हा रॅप असणारच. ठेका तोच राहून आवाज बदलला की समजायचे रिद्दिम आहे, जमैकन किंवा स्थानिक. पुढच्या जूनमध्ये सुट्टीला नाशिकला येण्याआधी एक आठवडा तिथला रेडिओ ऐकून ये म्हणावे. आणि झेडआरवाल्याला एकदा विचार, पेन ड्राइव्ह कोणाचा. तो ज्याचे नाव सांगेल तो डीजे बहुतेक तिच्या होस्टेलच्या मागच्याच गल्लीत राहत असेल.